जैनबआपा घरातच आहे

खोटं वाटेल. पण हे घडलेलं आहे. ज्या घरात घडलं ते उरणच्या मोहल्ल्यात आजही उभं आहे, आणि फातिमा मुकादम आजही त्यातच राहते.

१९९९ सालचा मे महिना. तिकडे कारगिलच्या डोंगरांत लढाई पेटलेली. इकडे भर दुपार.

रात्र नव्हती. अंधार नव्हता. फातिमा म्हणते, म्हणूनच विसरता येत नाही.

तिचा नवरा हसन बंदराकडे कंटेनर यार्डात कामाला गेलेला. ती ओटीवर एकटीच तांदूळ निवडत बसली होती.

अचानक... कावळे गप्प झाले.

मग गल्लीतला सगळा आवाजच गेला.

तिने मान वर केली. दारात जैनबआपा उभी होती.

जैनब तिची थोरली बहीण. त्रेसष्ट साली लग्न होऊन कराचीला गेलेली. तेव्हा मुंबईहून कराचीला बोट जायची. बाप म्हणाला होता, "रत्नागिरीला जावं तसं जा. वाटेल तेव्हा ये."

मग पासष्टची लढाई झाली. बोट बंद पडली ती पडलीच.

आई गेली तेव्हाही जैनबला येता आलं नाही. पुढे कराचीतली भारताची कचेरीही बंद झाली. व्हिसासाठी थेट इस्लामाबाद गाठायचं. पोटातलं दुखणं घेऊन ती दोनदा जाऊन आली.

दोन्ही वेळा नकार.

मागणं एकच होतं तिचं. एकदा आईची कबर बघायची.

आणि आज ती दारात उभी होती.

"आपा! कशी आलीस गं तू?"

"बोटीने." जैनब हसली. "आत्ताच धक्क्याला लागली."

फातिमाने सूप खाली ठेवलं.

कसली बोट? ती तर चौतीस वर्षं बंद...

पण बहीण समोर होती. फातिमाने तिचा हात धरला. हात गार होता. समुद्रातून काढल्यासारखा. तिने आपाला आतल्या खोलीत बसवलं, पाणी दिलं. आपाने पेला नुसता हातात धरून ठेवला.

"आईकडे कधी नेतेस?"

"ऊन उतरू दे. मग जाऊ."

तेवढ्यात शेजारची रंगूबाई डोकावली. मासळी विकणारी आगरीण, दोघींची लहानपणची मैत्रीण. तिने आपाला लगेच ओळखलं.

"आगो बाय! जैनब आली काय गो? पाकिस्तानशी?"

तिला कोण आनंद झाला! तोच आनंद घेऊन ती बाजारात गेली. चार जणींना सांगितलं. पाचव्या कुणीतरी पोलिसांना सांगितलं.

ऊन उतरायच्या आत हवालदार दारात हजर.

बाबासो त्याचं नाव. साताऱ्याकडचा, मनाने वाईट नव्हता. तो आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी उभा राहिला. त्यानेही तिला पाहिलं. नीट पाहिलं.

"मावशी, पासपोर्ट दावा."

"मागितला होता शिक्का," जैनब म्हणाली. "कुणी दिला नाही."

फातिमा गयावया करू लागली. "दादा, आजारी आहे ती. कबरस्तान इथंच आहे. भिंतीवरनं तेवढी कबर दाखवून आणते. मग काय ते करा."

बाबासो क्षणभर घुटमळला. मग म्हणाला, "ताई, लढाई चालू हाय. माझी नोकरी जाईल. सायेब येस्तोवर ह्यांनी घराबाहेर पाऊल टाकायचं न्हाय."

जैनबने मान डोलावली. सवय असल्यासारखी.

तो दारात खुर्ची टाकून बसला. त्या घराला मागचं दार नाही. खिडक्यांना गज.

आणि मग... फोन वाजला.

कराचीहून जैनबचा मुलगा अरमान बोलत होता. रडत होता.

"खाला... अम्मी सकाळी गेली. आत्ता दफन करून आलो."

फातिमाने मागे वळून पाहिलं.

खोली रिकामी होती. जमिनीवर भरलेला पेला. आणि बसल्या जागी ओल... मीठ फुटलेली.

साहेब आले. त्यांनी पेटाऱ्यापर्यंत सगळं उचकलं. "बाई कुठं लपवली?" हेच पुन्हा पुन्हा. हसनला यार्डातून उचलून ठाण्यात नेलं, तीन दिवस बसवून ठेवलं. कंत्राटदाराने त्याला परत कामावर घेतलं नाही. अरमानने मृत्यूचा दाखला पाठवला, तर साहेब म्हणाले, "तिकडचा कागद इकडे चालत नाही."

रंगूबाई ढसाढसा रडली. मोहल्ल्यात मात्र लोक हसनशी बोलेनासे झाले.

लढाई संपली. सलोख्याची भाषणं झाली. फातिमाच्या घराची चौकशी काही संपली नाही. महिन्या-दोन महिन्यांनी कुणी ना कुणी येई. "ती परत कधी गेली? गेल्याची नोंद नाही."

फातिमा काय सांगणार?

कारण आपा गेलीच नव्हती.

आतल्या खोलीतली ती ओल वाळत नव्हती. ऊन उतरलं की उंबऱ्यापर्यंत कुणीतरी चालत येई... आणि तिथेच थांबे.

दिवाळीनंतर बाबासो आला. वर्दी नव्हती. त्याची बदली झाली होती.

"ताई, झोप लागत न्हाय. डोळं मिटलं की ती मान डोलावते." तो आतल्या खोलीकडे तोंड करून उभा राहिला. हात जोडले. "मावशी, जावा तुमी. आईला भेटून या. आता कोन न्हाय अडवत."



मग आतून, अगदी नम्र आवाजात...

"लेखी दिलंय का?"

बाबासो चपला न घालताच बाहेर पडला. पुन्हा कधी आला नाही.

फातिमा नंतर कुठे कुठे विचारून आली. मेलेल्या बाईला घराबाहेर पडायची परवानगी कुणाच्या सहीने मिळते, ते कुणालाच सांगता आलं नाही.

ती आतल्या खोलीत झोपत नाही. पण संध्याकाळ झाली की उंबऱ्याशी बसून राहते.

आजूबाजूला कुणी नसलं, तरी आवाज खालीच ठेवून म्हणते, "आज नाही गं आपा. अजून काही आलेलं नाही."