अर्धेकाकांचा शर्ट

त्या सकाळी इस्त्रीवाल्याने दुकान उघडलं, इस्त्री तापायला ठेवली आणि तो रस्ता ओलांडून आत्याला आणायला घरी गेला. काम म्हटलं तर साधंच होतं. आत्याला आज चौक ओलांडायचा होता.

या आत्यानेच त्याला लहानाचं मोठं केलं. दुकानातल्या स्टुलावर बसून ती लोकांची तुटलेली बटणं लावायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकी घ्यायची. पण हिवाळा सुरू झाला आणि तिने घराबाहेर पाऊल टाकलं नाही. खिडकीत बसायची, चौकाकडे बघत. दोन घासांत जेवण उरकायची. बोलणं तर जवळजवळ बंदच झालं होतं. ती अशीच विझत जाणार, ही धास्ती इस्त्रीवाल्याला लागून राहिली होती.

सगळ्याच्या मुळाशी चौकातला सिग्नल होता. बाजूच्या गल्लीतून चिटपाखरूही येत नसे, आणि त्या गल्लीसाठी हिरवा दिवा मांडी ठोकून बसलेला. तोवर मोठ्या रस्त्यावर गाड्या हॉर्न वाजवून कान किटवायच्या. पायी चालणाऱ्यांसाठीचा हिरवा माणूस मात्र डोळा मारून पसार व्हायचा.

"इथं थांबून थांबून माझी दाढी वाढते," टॅक्सीवाला म्हणायचा.

"तुमची दाढी वाढते, आमचा जीव जातो," बेकरीवाली फटकारायची.

एकाचा खरंच गेला होता. पलीकडच्या इमारतीत छापखान्यातून निवृत्त झालेले एक म्हातारे एकटेच राहत. छत्री टेकत चालायचे. एका हिरव्यात त्यांचा रस्ता कधीच पार झाला नाही. दर वेळी दुभाजकावर अडकायचे आणि तिथून छत्री उगारून सिग्नलचा उद्धार करायचे. म्हणून सगळे त्यांना अर्धेकाका म्हणत. हिवाळ्याच्या तोंडाशी ते इस्त्रीला टाकलेला शर्ट न्यायला निघाले आणि दुभाजकाच्या पुढे आलेच नाहीत. निळ्या रेघांचा तो शर्ट अजून दुकानाच्या फळीवर होता, कागदात गुंडाळलेला. तो हलवायचा इस्त्रीवाल्याला धीर होत नव्हता.

आत्याने खिडकीतून ते सगळं पाहिलं होतं.

त्यानंतर मोहल्ला पेटून उठला. अर्ज झाले, मोर्चे झाले. शेवटी सिग्नलखात्याच्या इंजिनिअर मॅडम सभेला आल्या. म्हणाल्या, "तुमच्यातलं सगळ्यात हळू चालणारं माणूस आणा. त्याला जेवढा वेळ लागेल, तेवढा हिरवा ठेवते."

इस्त्रीवाला नेहमीसारखा दाराआड उभा होता. चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. पण त्या दिवशी त्याच्याच तोंडून निघालं, "माझी आत्या येईल."

आता आत्या घरासमोरच्या फुटपाथवर आली होती, आणि नेमकं धुकं दाटलं होतं. समोरची इमारत दिसेना. टॅक्सीवाल्याने टॅक्सी आडवी लावून गाड्या अडवल्या. पहिल्यांदाच चौकात हॉर्न नव्हता.

"मी मध्येच अडकले तर?" आत्याने हळूच विचारलं.

"मी धरतो ना तुला."

"मला धरशील रे. गाड्यांना कोण धरणार?"

पण मॅडमनी धरू दिलं नाही. तिचीच चाल मोजायची होती. इस्त्रीवाला दुकानाच्या बाजूला, मॅडमच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मॅडमनी हात वर केला, घड्याळाचं बटण दाबलं.

आत्या धुक्यातून येऊ लागली. सावकाश, खाली बघत. दुभाजकापाशी आली... आणि थांबली. तिने मान वळवली, जणू बाजूला कुणीतरी काही बोललं. मग किंचित मान डोलावली आणि पुढे पाऊल टाकलं.

टक... टक...

इस्त्रीवाल्याने कान टवकारले. आत्या काठी वापरत नव्हती.

ती पोचली. बेकरीवालीने तिला मिठीच मारली, टॅक्सीवाल्याने शिट्टी वाजवली, टाळ्या पडल्या. मॅडम मात्र रस्त्याकडेच बघत होत्या. अंगठा अजून बटणावर.

"मॅडम, पोचली की आत्या."

"थांबा हो. ते काका यायचेत ना अजून..."

टाळ्या थांबल्या. रस्त्यावर धुक्याशिवाय काही नव्हतं. टक... टक... आवाज जवळ आला, फुटपाथवर चढला आणि इस्त्रीवाल्याच्या अगदी शेजारी थांबला. ओल्या कापडाचा वास आला. त्यात छापखान्याची शाई.

मॅडमनी बटण दाबलं. "झालं. सगळ्यात हळू हेच, छत्रीवाले."

इस्त्रीवाल्याने तोंड उघडलं. तेवढ्यात आत्याने त्याच्या दंडाला चिमटा काढला.

"गप बस," ती कुजबुजली. "अर्ज त्यांचाही होता."

दुपारपर्यंत सिग्नलची नवी वेळ लागली. धुकं विरलं आणि सगळा मोहल्ला चौकात लोटला. हिरवा माणूस लागला तो लागलाच. शाळेतली पोरं गेली, बाबागाडी ढकलत एक आई गेली, लंगडं कुत्रंसुद्धा ऐटीत गेलं. गल्लीचा फुकटचा हिरवा कापला गेला होता, त्यामुळे मोठा रस्ताही वाहता झाला. आत्या काही काम नसताना इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरली. दुभाजकापाशी मुद्दाम थांबून तिने सिग्नलकडे बघत पदर खोचला.

"आता कर मला अर्धी!"

सगळा चौक हसला. दुकानात येऊन ती स्टुलावर टेकली. "काय रे, बटणं संपली का गावातली? आणा की!"

इस्त्रीवाल्याला रडूच फुटलं. वाफ डोळ्यांत गेली म्हणाला.

फक्त एक होतं. सगळे पार झाले तरी हिरवा माणूस थोडा वेळ राहायचा. रस्ता मोकळा असायचा, पण एकही गाडी पुढे सरकत नसे, कुणी हॉर्न देत नसे. का, ते कुणालाच सांगता आलं नसतं. मग टक... टक... फुटपाथपर्यंत यायचं, आणि दिवा लाल व्हायचा.

संध्याकाळी आवराआवर करताना त्याची नजर फळीवर गेली. कागद नीट घडी करून ठेवलेला होता. शर्ट नव्हता.

त्याने दुकान बंद केलं. स्वतःच्या हाताने कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप होतं तसंच होतं. आत, इस्त्रीच्या टेबलावर, निळ्या रेघांचा शर्ट पडला होता. चुरगळलेला. गळ्याखालचं एक बटण लोंबत होतं. त्याने भीत भीत हात लावला. शर्ट गरम होता, नुकताच कुणी अंगातून काढावा तसा.

आत्या मागून आली. शर्ट मांडीवर घेतला, सुईत दोरा ओवला.

"बघतोस काय? इस्त्री तापव."

"आत्या... हा इथं..."

बाहेर हिरवा माणूस लागला होता. टक... टक... रस्ता पार करून आलं, पायरीवर चढलं, उंबऱ्याशी थांबलं.

आत्याने मान वर केली नाही.

"बसा काका, होतंच आलंय," ती म्हणाली.

आणि तिच्या समोरचं रिकामं स्टूल करकरलं.