जाळीवरचा पितळी मेंढा

रेणुकाआत्याचं लग्न झालं ते साल २०२३. मे महिना होता. लग्न उद्यावर आलं होतं आणि वाटूरजवळच्या वस्तीवर राधाकिसन आबांच्या दारात मांडव घालणं चाललं होतं. आबांची नातवंडं फुलांच्या माळा घेऊन जीप सजवायला धावली. पुढं तेरा वर्षांचा रामेश्वर, मागं त्याची धाकटी बहीण छकुली, आणि जालन्याहून सुट्टीला आलेली चुलतबहीण अर्पिता.

तोच छकुली किंचाळली, "अगं बाई! जीपचं नाक कुठं गेलं?"

जीपच्या पुढच्या जाळीवर, अगदी मधोमध, तळहाताएवढं पितळी मेंढ्याचं डोकं असायचं. आता तिथं नुसती काळी जाळी होती.

आबांनी उभी हयात मेंढरं राखली होती. पाय थकले तेव्हा त्यांनी कळप विकला, पण मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा विकल्या नाहीत. त्या वितळवून ओताऱ्याकडून हा मेंढा करून घेतला. पुढं आबांची नजर गेली. घरातलं कुणी गावाला निघालं, की ते चाचपडत जीपपाशी यायचे, मेंढ्याच्या शिंगांवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "नीट ने रे बाबा." त्याशिवाय जीप हलायची नाही.

"उद्या आत्या सासरी निघेल, तेव्हा आबा हात कशावर ठेवतील?" अर्पिता हळूच म्हणाली.

आरडाओरडा ऐकून जीप चालवणारे सुग्रीवकाका आले. जाळी पाहताच त्यांचा पारा चढला.

"चोरी! काल तो भंगारवाला कडूबा आल्ता न्हाई का? जीपभोवती चकरा मारून राह्यला व्हता! पितळ दिसलं की वळवळतोच त्याचा हात. थांब, त्याची पोतीच उपसतो! आन् पोरांनो, आबाला कळू देऊ नका, बिलकुल!"

काका मोटरसायकलवरून भुर्रकन गेले. पण मांडवाच्या कडेला बाजेवर बसलेल्या आबांचे कान शाबूत होते.

"छकुले, मेंढा गेला का गं?"

"सापडंल, आबा."

"सापडला तर बरं. रेणू कशी नटली, कशी निघाली, मला काय दिसणार? मेंढ्याच्या कानात तिला जपायला सांगितलं असतं, एवढंच."

छकुलीनं डोळे पुसले आणि ती जीपसमोर उकिडवी बसली. जाळीत तारेचं एक टोक अडकलेलं होतं.

"राम्या, हे बघ. तार तुटलेली न्हाई. पकडीनं कापलीय!"

"मंग चोर पकड घेऊन आल्ता," रामेश्वर म्हणाला.

"आणि जाताना ही ताजी लिंबू-मिरची बांधून गेला?" अर्पितानं खाली बोट दाखवलं. जाळीच्या तळाशी हिरव्यागार मिरच्या आणि पिवळंधमक लिंबू लोंबत होतं. "काय मायाळू चोर आहे!"

रामेश्वरनं कपाळावर हात मारला.

"काल शनिवार! काका दर शनिवारी वाटूर फाट्यावर जुनी लिंबू-मिरची कापून टाकतात अन् नवी बांधतात!"

"आणि मेंढा कशानं बांधला होता?"

"आधी गोंदानं चिकटवला व्हता. इंजिनच्या गरमीनं गोंद वितळला. मंग काका म्हणले, एकाच तारेत दोन्ही कामं!"

"म्हणजे काकांनीच—"

"बोलू नका, सायकली काढा! जल्दी!" छकुली केव्हाच निघाली होती.

फाट्यावर ऊन नुसतं भाजत होतं. रसवंतीशेजारी, रस्त्याच्या कडेला, कापून टाकलेल्या लिंबू-मिरच्यांचा वाळका ढीग पडला होता. माणसं त्याला वळसा घालून जात होती. एका ट्रॅक्टरवाल्यानंसुद्धा चाक बाजूला घेतलं. आणि त्या ढिगात काहीतरी चमकत होतं!

"एवढ्या माणसांनी पाहिलं असेल," अर्पिता म्हणाली, "पण हात कोण लावणार?"

"पोरींनो, शिवू नका त्याला! लोकांच्या बला असतात!" रसवंतीवाली नंदाबाई ओरडली.

रामेश्वर दोन पावलं मागं सरकला. छकुलीचंही पाऊल अडलं. पण तिला बाजेवरचे आबा आठवले.

"आमच्या आबाचा मेंढा हाय, मावशी," ती म्हणाली. "तो आम्हाला कशाला मारील?"

तिनं वाकून मेंढा उचलला. सुकलेल्या लिंबाची तार अजून त्याच्या शिंगाला गुंडाळलेली होती.

कडूबाच्या दुकानात तोवर सुग्रीवकाकांनी दोन पोती उलटी केली होती. कडूबा कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता.

"काका, थांबा! चोर सापडला!"

"कोण? कुठाय?"

"पोती उपसून राह्यलाय!" रामेश्वर म्हणाला.

काकांनी मेंढा पाहिला, शिंगातलं वाळकं लिंबू पाहिलं, आणि त्यांचा चेहरा त्या लिंबापेक्षा सुकला.

"फोनवर बोलत व्हतो रे... बराबर बघितलंच न्हाई. कडूबा, चुकलो बाबा."

"मंग पोती द्या पुन्हा भरून," कडूबा म्हणाला. मग हसला. "मी चकरा मारून राह्यलो ते मेंढा डुगडुगताना दिसला म्हणून. सांगणार व्हतो, तर तुमी म्हणले, चल हट!"

सगळ्यांनी मिळून पोती भरली. छकुली मात्र मेंढा उलटासुलटा करत बसली होती.

"ही मागची दोन भोकं कशाची? आतून आटे हायेत!"

"बोल्टची!" अर्पिता ओरडली. "मागून बोल्ट यायला हवेत. काकांनी कधी उलटा करून पाहिलाच नाही!"

काका जीपकडं बघायच्या निमित्तानं बाहेर निघाले, पण जीप घरी होती.

कडूबानं लोखंडी पट्टी शोधून तिला भोकं पाडून दिली. घरी येताच काम सुरू झालं. जाळीच्या पुढं मेंढा, मागं पट्टी, दोन्हीकडं सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे. पहिले बोल्ट लांब निघाले, भोकांच्या तळालाच टेकले. कितीही आवळा, मेंढा मान हलवतच राहिला!

"नको नको म्हणतोय!" रामेश्वर खिदळला.

आखूड बोल्ट घातले, त्यांच्या माथ्याखाली स्प्रिंगचे वायसर बसवले. जाळीमागच्या फटीत छकुलीचाच हात जात होता. तिनं पाना फिरवून बोल्ट घट्ट केले. मग काका दोन्ही हातांनी मेंढा ओढून दमले. तो जागचा हलला नाही.

"लिंबू-मिरची आता बंपरला. येगळ्या दोऱ्यात!" छकुलीनं बजावलं.

"हो बाई," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, ऊन उतरताना, रेणुकाआत्या जीपमध्ये बसली. आबा चाचपडत पुढं आले. शिंगांवर हात ठेवून त्यांनी मेंढा जरासा हलवून पाहिला.

"घट्ट हाय गं," ते म्हणाले. "कुणी बसवला?"

"पोरांनी," काकांनीच सांगितलं. "माझ्यानं न्हाई जमलं, आबा. त्यांच्यानं जमलं."

आबांनी तिघांची डोकी शोधून कुरवाळली. "माझ्या कळपात अशी राखणदारं असती, तर लांडगा फिरकला नसता!" मग ते मेंढ्याच्या कानाशी वाकले. काय बोलले ते कुणालाच ऐकू आलं नाही. शेवटचं तेवढं ऐकू आलं, "नीट ने रे बाबा."

जीप हलली.

मेंढा अजून त्याच जाळीवर आहे. राधाकिसन आबा पुढच्या वर्षी, २०२४च्या पोळ्याच्या दिवशी, वारले.