मोतीरामच्या शोकसभेची कॅसेट

सिविल लाइंसच्या सरकारी कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी कॅसेट ऐकलीच नाही. न ऐकताच सत्तरीच्या शेवंताबाईंना खोटारडं ठरवलं, आणि गढा वस्तीतलं वाचनालय आठ दिवसांत खाली करायची नोटीस काढली.

शेवंताबाई ज्योतीसमोर बसल्या होत्या. ज्योती खाजगी गुप्तहेर. शेजारी तिचे मामा, भय्यासाहेब. प्रत्येक तपासात बरोबर आणि प्रत्येक तपासात दोन पावलं मागे.

"वीस वर्षं झाली, पोरी. माझ्या भावाची, मोतीरामची शोकसभा. सारे उभे राहिलो, मग बसलो, अन् विष्णुपंतांनी आपली खोली वाचनालयाला दिली. सारं टेप झालं. साहेब म्हणे पुरावा म्हणून ते कम्प्यूटरवर उतरवून आणा. आणलं, तर त्यात ते बोलणंच नाही! साहेब म्हणते, 'कम्प्यूटर झूठ नहीं बोलता.'"

"कॅसेट पुन्हा वाजवून पाहिली?"

"कशावर? टेप कधीचाच भंगारात गेला."

ज्योतीनं कॅसेट उजेडात धरली. दोन्ही चकत्यांवर सारखीच फीत होती. भय्यासाहेबांनीही डोकावून पाहिलं. त्यांना कॅसेट दिसली.

त्यांचा संशय कुंदावर होता. विष्णुपंतांची नात, खोली सुटली तर तिलाच मिळणार.

बोलावल्यावर कुंदा भडकली. "मी ते बोलणं काहून पुसू? आजोबांनी त्याच दिवशी कॅसेटच्या मागची टिकली तोडली. ती तुटली की वरून दुसरं काही भरता येत नाही. पाहा!"

टिकलीची खाच उघडीच होती. वर चिकटपट्टीसुद्धा नव्हती.

"मग कम्प्यूटरवर उतरवणारा नथ्थूच!" भय्यासाहेब म्हणाले.

ज्योती साऱ्यांना घेऊन नथ्थूच्या दुकानात गेली. तो रडकुंडीला आला. "दीदी, कसम से, सब उतारा. मी बसून थोडाच ऐकतो? बाजू संपली की कम्प्यूटर आपोआप थांबते. मी कॅसेट काढतो, दुसरी लावतो."

"बाजू संपली हे त्याला कळतं कसं?"

"आवाज बंद झाला की. एका मिनिटाचं सेटिंग आहे."

ज्योती हसली. "मामा, शोकसभेत लोक उभे कशाला राहतात?"

भय्यासाहेब दाखवायला म्हणून ताठ उभे राहिले.

"दोन मिनिटं मौन!" ज्योती म्हणाली. "कम्प्यूटरला वाटलं, संपलं. यानं कॅसेट काढली. खरंच संपली असती तर सारी फीत एका चकतीवर गेली असती. अर्धी अजून वाजायचीच आहे. टिकली तुटलेली, म्हणजे वरून कोणी काही भरलेलं नाही. चोरच नाही इथं. लाव, नथ्थू."

फीत फिरली. खूप वेळ काहीच नाही. मग कोणी खोकलं, सतरंजीवर माणसं बसल्याची सळसळ, आणि विष्णुपंतांचा जाडा आवाज: "ही खोली आजपासून वाचनालयाची. माझ्या घरच्यांनी मागू नये."

"आजोबाच," कुंदा हळूच म्हणाली. "नाही मागत."

शेवंताबाई रडता रडता हसल्या, नथ्थूच्या पाठीत एक धपाटा घातला. "मेल्या, माझ्या भावासाठी तुझ्या मशीनला दोन मिनिटं धीर धरवला नाही!"

दुपारी सारे नथ्थूचा टेप घेऊन सिविल लाइंसला गेले. साहेबांनी ऐकलं, घाम पुसला, नोटीस फाडायला घेतली.

शेवंताबाईंनी त्यांचा हात धरला. "ते मागून. आधी सांगा साहेब, न ऐकता मला खोटारडी काहून म्हटलं?"