वरच्या घंटेचे एकशेबारा ठोके

संगीतातलं तुम्हाला काय कळतं, असं हनुमंतरावांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी सरळ "कप्पाळ!" म्हणून सांगितलं असतं. बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात कालव्यांच्या पातळ्या मोजण्यात गेलेली. जे मोजता येतं ते खरं, बाकी अस्की, म्हणजे सगळी, वाफ, हे त्यांचं तत्त्वज्ञान. आणि अशा गृहस्थाच्या गळ्यात तंजावूरच्या एका चर्चचा घंटावृंद पडला, तोही नाताळच्या तोंडावर. देवालासुद्धा अधूनमधून थट्टा सुचते म्हणायची.

घंटावृंद खरा त्यांच्या बायकोचा, सरोजाचा. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या मराठी घरातली ही मुलगी चर्चच्या शाळेत संगीत शिकवायला लागली. तिथल्या कपाटात चोवीस हँडबेल धूळ खात पडलेल्या तिनं पाहिल्या आणि बाहेर काढल्या. त्याला आता एकवीस वर्षं झाली. या प्रकारात एकेकाच्या वाट्याला दोनच घंटा, एका हातात एक. आपला स्वर आला की वाजवायची आणि लगेच खांद्याला टेकवून मिटवायची. मिटवली नाही तर आवाज पुढच्या ओळीत सांडत राहतो. बारा माणसं मिळून एक गाणं होतं. सरोजाकडे वरच्या दोन, त्यातही उजव्या हातात सगळ्यांत वरची, सगळ्यांत लहान. ती वाजवता वाजवता मानेनं इशारे करून वृंद चालवायची आणि हनुमंतराव मागे खुर्चीवर बसून मात्रा मोजायचे.

सप्टेंबरच्या नऊ तारखेला सकाळी कॉफीचं डिकॉक्शन ओतता ओतता सरोजा खाली बसली, ती पुन्हा उठली नाही. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "वाट पाहू." किती दिवस, आकडा सांगा, म्हटल्यावर ते नुसते हसले.

नोव्हेंबरात पास्टरनी हनुमंतरावांना ऑफिसात बोलावून घेतलं. "रायर," ते म्हणाले. तमिळ माणसं रावांना रायरच म्हणतात. "यंदा कुठल्या कॅरोल आणि त्यांच्या कुठल्या अरेंजमेंट, ते या आठवड्यात तुम्हीच निवडा. आणि टीचरची घंटा साईप्रियाला द्या. बँकेत नवी बदलून आलीय, तिरुच्चीला वाजवायची. टीचर बऱ्या झाल्या की घेतील परत."

"देतो," म्हणून हनुमंतराव घरी आले आणि देणार नाही असं ठरवून मोकळे झाले. ऑफिसात त्यांनी पाहिलेलं होतं. आजारी माणसाच्या खुर्चीत दुसरा बसला की पंधरा दिवसांत त्या माणसाची चौकशीसुद्धा थांबते. सरोजाच्या जागेवर कुणी उभं राहिलं तर ती परत येणार नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं. याला पुरावा काय? काही नाही. पण भीतीला कुठं पट्टी लावता येते?

मग त्यांनी आपल्या पद्धतीनं वाट काढली. सरोजाच्या फायलीत कॅरोलच्या एकेचाळीस मांडण्या होत्या. जिच्यात वरची घंटाच नाही अशी मांडणी शोधायची, की झालं. सरोजाच्या डाव्या हातातली घंटा शेजारची भवानी आपली तिसरी म्हणून सांभाळणार होती. तीही शाळेतलीच शिक्षिका, हाताची चपळ. दोन दिवस ते पट्टी-पेन्सिल घेऊन जेवणाच्या टेबलावर बसले. आतल्या खोलीत त्यांची धाकटी बहीण राजम सरोजाला पेज भरवत होती. एकेचाळीस मांडण्या तपासून झाल्या आणि एकही तशी निघाली नाही. बाईनं फाईल भरताना आपल्या हाताला काम राहील याची बरोबर तजवीज केलेली! "लबाड," हनुमंतराव हसून म्हणाले आणि पुढच्याच क्षणाला त्यांना रडू फुटलं.

सगळ्यांत कमी ठोके निघाले ताऱ्याच्या कॅरोलच्या एका साध्या मांडणीत. फक्त सात. सात ठिकाणी गप्प राहायचं, कुणाच्या लक्षातही येणार नाही, असं म्हणून त्यांनी तीच निवडली.

गुरुवारी साडेचारला तालीम. चर्चच्या हॉलमध्ये लाल फरशी, लांब दांड्यांचे पंखे, टेबलांवर फोमच्या गाद्या आणि त्यांवर मरून कापड. छत्र्या ओळीनं दाराशी गळत होत्या. सरोजाची घंटा पेटीत होती आणि पेटी बंद होती. हनुमंतरावांनी हात उचलला, मात्रा मोजल्या, गाणं सुरू झालं.

पहिल्या ओळीच्या शेवटी वरचा स्वर आला. बारीक आणि स्वच्छ. तो आला आणि थांबला नाही, पुढच्या ओळीवर लोंबत राहिला.

"सर, कुणीतरी मिटवत नाहीये," भवानी म्हणाली.

हनुमंतरावांकडे उत्तर तयार होतं. मोठ्या घंटेच्या पोटात एक वरचा स्वर असतोच, काशाचा तो धर्मच आहे, असं त्यांनी सगळ्यांना समजावलं. ते खोटंही नव्हतं. पण मोजायची खोड जाते थोडीच? स्वर सात वेळा आला. जिथं यायचा होता तिथंच.

घरी राजम दारातच उभी. "अण्णा, बेगीन या! वैनीचा हात हलला!"

"कुठला?"

"उजवा कीं! पांचच्या सुमारास. मी गजरा बांधीत होतें, तर बोटं अशीं उडालीं. सात वेळां. मोजले मी."

मोजण्याची खोड घराण्यातच होती. "योगायोग," हनुमंतराव म्हणाले आणि उभ्याउभ्याच कॉफी प्यायला लागले. थोडी शर्टावर सांडली.

पुढच्या गुरुवारी त्यांनी मुद्दाम मेंढपाळांच्या कॅरोलची मांडणी काढली, एकोणीस ठोक्यांची. घंटेची पेटी पास्टरांच्या लोखंडी कपाटात घातली, कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. आणि स्वर एकोणीस वेळा आला. प्रत्येक वेळी तसाच लोंबत राहिला. वाजवणारे एकमेकांकडे बघत होते, पण कुणी थांबलं नाही. घरी राजमनं आपण होऊन सांगितलं, एकोणीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरोजाला सणकून ताप भरला. अंथरूण घामानं भिजलेलं. राजम कमरेवर हात ठेवून हनुमंतरावांसमोर उभी राहिली. "तिकडे तुम्ही काय करतां मला ठाऊक नाही. पण तिकडचं अस्कीं इकडे हिच्या अंगावर येतंय. मारायचंय काय तिला?"

हनुमंतराव घाबरले, मनापासून घाबरले. त्याच दुपारी त्यांनी साईप्रियाला फोन केला.

पुढच्या तालमीला ती आली. गुणी मुलगी. पांढरे हातमोजे चढवून तिनं घंटा पेटीतून काढली, मनगट झटकलं. लोलक काशावर आदळलेला सगळ्यांनी पाहिला. आवाज आला नाही. तिनं पुन्हा झटकलं, मग जरा जोरात. धातूवर धातू आपटल्याचा साधा टक्‌सुद्धा नाही. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

साईप्रियानं घंटा हळूच कापडावर आडवी ठेवली. "सर," ती खालच्या आवाजात म्हणाली, "मुठीत पकडल्यावर घंटा अशी होते. ही कुणीतरी पकडलीय."

हनुमंतराव घरी पोचले तेव्हा सरोजाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. उजवी मूठ घट्ट आवळलेली. अर्धा तास खटपट करूनही राजमला ती सोडवता आली नव्हती.

ते तिच्या उशाशी बसले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "तुझी जागा द्यायला निघालों होतों." बराच वेळ त्यांनी ती मूठ नुसती धरून ठेवली, तेव्हा कुठं ती सैल झाली.

मग त्यांनी फाईल आणली आणि तिच्यासमोर दोन मांडण्या धरल्या. एक मेंढपाळांची, एकोणीस ठोक्यांची. दुसरी गोठ्याच्या कॅरोलची, चांगली जाडजूड, वरच्या घंटेचे एकशेबारा ठोके असलेली. सरोजा दर वर्षी ती बाहेर काढायची आणि आपल्या मंडळींना झेपायची नाही म्हणून दर वर्षी परत ठेवायची.

"कुठली घेऊं?"

सरोजाचा डावा हात चादरीवरून सरपटत आला. बोट जाड मांडणीवर टेकलं.

"ताप येईल, सरोजा."

बोट तिथंच.

"काही झालं म्हणजे? मी काय करूं मग?"

त्या बोटानं कागदावर दोनदा टकटक केलं. वर्गात चुळबुळ करणाऱ्या पोरांना ती बाकावर अशीच टकटक करायची. यापुढे बोलायची सोय नव्हती.

राजमनं दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी स्वतःच वैनीच्या हाताला तेल चोळायला बसली. तालमी रोज होऊ लागल्या, पण तुकड्या-तुकड्यानं. सबंध गाणं हनुमंतरावांनी एकदाही घेतलं नाही, तेवढी हिंमत त्यांची झाली नाही. वरचा स्वर रोज येत होता. सरोजा संध्याकाळी थकून जायची, पण ताप आला नाही, आणि एके दिवशी तिनं उजव्या हाताच्या दोन बोटांत राजमचं बोट धरलं. वृंदातली माणसं त्या स्वराला सरावली. साईप्रिया पानं उलटायला म्हणून राहिली, घंटेकडे मात्र तिनं पुन्हा पाहिलं नाही.

फक्त पास्टर एकदा म्हणाले, "रायर, सुरेख होतंय. पण ते वरचं लोंबत राहतं ना, त्याचं काहीतरी करा."

"त्याला हात खांद्यापर्यंत न्यावा लागतो," हनुमंतराव म्हणाले. "अजून तितका जात नाही."



चोवीस डिसेंबरला संध्याकाळी पाचला कार्यक्रम होता आणि दुसऱ्या दिवशी नाताळच्या सकाळी तोच पुन्हा. सगळ्या घंटा घासूनपुसून लख्ख केलेल्या. चर्च भरलेलं. शाळेतल्या जुन्या विद्यार्थिनी लांबलांबून आल्या होत्या, टीचर कशा आहेत म्हणून विचारत होत्या. हनुमंतरावांनी सरोजाची घंटा पेटीतून काढली आणि तिच्या जागेवर कापडावर ठेवली. आज कुलूप नको वाटलं.

त्यांनी हात उचलला.

घंटा कापडावर आडवी होती. शेवटपर्यंत हलली नाही. आणि तिचा स्वर येत होता.

चाळीस. एकेचाळीस.

भवानीच्या कपाळावर घाम. तिच्या शेजारची जागा रिकामी, आणि तिकडून येणारा आवाज इतका जवळचा, की ती त्या बाजूला मुळीच बघत नव्हती.

ऐंशी.

एका दमात इतके ठोके कधी झालेच नव्हते. सोडून द्यावं का? तिला झेपतंय का? त्यांनी सोडलं नाही. मनगटानं मात्रा देत राहिले.

एकशेदहा. एकशेअकरा.

शेवटच्या ओळीला सगळ्यांचे हात एकदम वर गेले. एकशेबारा. मग अकरा माणसांनी आपापल्या घंटा खांद्याला टेकवल्या.

आणि वरचा स्वर थांबला.

बरोबर त्यांच्याबरोबर. कापल्यासारखा.

चर्चमध्ये टाळ्यांचा पाऊस पडला. भवानी रडत हसत होती. हनुमंतरावांनी मात्र टाळ्यांकडे वळूनही पाहिलं नाही. इतक्या दिवसांत तो स्वर एकदाही थांबला नव्हता. कधीच नाही. ते कुणाशी न बोलता बाहेर आले आणि मिळाली त्या रिक्षात बसले.

रस्त्यात घराघरांवर कागदी चांदण्या पेटलेल्या. सिग्नलला गर्दी. अकरा मिनिटं लागली. कुलदैवतापासून येशूपर्यंत जो आठवेल त्याला त्यांनी हात जोडले.

घराचं दार उघडं होतं. राजम मधल्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभी. रडत नव्हती.

"अण्णा," ती म्हणाली, "मी हात लावला नाही. तिनंच नेला."

आत सरोजा उशांना टेकून बसली होती. उजवा हात कोपरातून वळलेला, मूठ खांद्याशी. डोळे भरलेले, आणि त्या डोळ्यांत हसू. नऊ सप्टेंबरनंतर पहिल्यांदा हनुमंतरावांना त्यांची सरोजा दिसली. ते पलंगाच्या कडेवर बसले आणि लहान मुलासारखे रडले, राजमसमोर, लाज न बाळगता.

मग त्यांनी तो हात अलगद खाली घेतला. ऊबदार होता, दमलेला होता.

हाताखाली, राजमनं दुपारीच घातलेल्या धुतल्या पांढऱ्या ब्लाऊजवर, खांद्यापाशी एक काळसर वर्तुळ होतं. कॉफीच्या टंबलरच्या तोंडाएवढं, पूर्ण गोल. घासलेल्या काशाची कड कपड्याला लागली की असा डाग पडतो. हनुमंतरावांनी त्यावर अंगठा फिरवला. काळं अंगठ्याला लागलं.

"राजम," ते कसेबसे म्हणाले, "हें धुवायला टाक."

"राहूं दे," सरोजा म्हणाली. ओठ वाकडे होत होते, शब्द जड होते, पण शब्द होते. "उद्यां सकाळीं परत लागायचंय."