चौथी प्रत

तुम्ही माझ्या हातांबद्दल विचारलंत म्हणून सांगते. लाईट येईपर्यंत तसंही दुसरं काही करता येणार नाही.

सत्त्याण्णव सालचा मे महिना. नगरच्या सावेडीत आमच्या संस्थेचं ऑफिस होतं. पारनेर, कर्जत आणि पाथर्डी या तीन तालुक्यांत पाझर तलाव, बंधारे, नालाबंडिंग अशी कामं आम्ही करायचो. कुठलं काम कुठवर आलंय, हे दाखवणारा प्रोग्राम एका कॉम्प्युटरवर होता आणि तो सांभाळायला मी होते, विजयमाला साळवे.

आधी तिन्ही तालुके एकाच प्रोग्राममध्ये कोंबलेले. कर्जतचा बंधारा पारनेरच्या माणसाला दिसायचा आणि तो आपला समजून त्याचे आकडे बदलून टाकायचा. शेवटी मी ठरवलं, मशीन तेच ठेवायचं, पण प्रोग्रामच्या तीन वेगळ्या प्रती चालवायच्या. एका घरात तीन बिऱ्हाडं असतात तशा. कुणी कुणाच्या चुलीत डोकावायचं नाही. मशीन विकणारा माणूस हसला होता. "एवढं ओझं नाही झेपायचं मॅडम, मशीन बसेल!" आमचे प्रमुख राधाकृष्ण सर एवढंच म्हणाले, "पाहणी पथक येतंय. त्यांच्यासमोर चालवून दाखवा. नाही जमलं तर हे ऑफिस बंद होऊन सगळं पुण्याला जाईल."

त्या दुपारी मी फक्त बॅकअपची टेप बदलायला गेले होते. मशीनच्या खोलीला काळे पडदे होते. बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत अंधार, एसीचा गारवा आणि पंख्याची घरघर. दार उघडलं आणि मी थबकले. खोलीत ओल्या मातीचा वास भरला होता. मे महिन्यात, बंद खोलीत.

मी मशीनच्या स्क्रीनवर चालू प्रती पाहिल्या. पारनेर. कर्जत. पाथर्डी. आणि त्यांच्याखाली आणखी एक. तिला नावच नव्हतं.

कुणाची तरी चूक असेल म्हणून मी ती बंद केली. ती परत आली. पुन्हा बंद केली, पुन्हा आली. आणि ती आली की बाकीच्या तिन्ही अडखळायच्या, धाप लागल्यासारख्या. शेवटी मी मशीनच बंद केलं. पंखा थांबला. खोली एकदम शांत झाली... आणि त्या शांततेत आवाज आला. थप्प... थप्प... मातीची पाटी रिकामी करावी तसा.

मी बाहेर पळाले आणि राधाकृष्ण सरांना घेऊन आले. मशीन सुरू केलं. चौथी प्रत हजर होती. या वेळी मी ती उघडली. आत एकच काम होतं. धोंडओढा पाझर तलाव, तालुका कर्जत. सुरुवात, एकोणीसशे बहात्तर. पुढे किती टक्के काम झालं त्याचा आकडा. आम्ही दोघं बघत असताना तो आकडा एकानं वाढला. माझे हात मांडीवर होते.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "उडवून टाका ते..."

"उडवलं सर. परत येतं."

"मग?"

मला आई आठवली. बहात्तरच्या दुष्काळात तीही पारनेरकडे अशाच कामावर पाट्या वाहायची. तिच्यासारखीच माती वाहणारी ही कोण असेल?

"सर, हिला जागा नाही म्हणून ही बाकीच्यांच्या जागेत शिरतेय. हिला जागा देऊ या."

मी चौथ्या प्रतीला तिची स्वतःची जागा करून दिली, मशीनच्या ताकदीतला वाटा दिला आणि तलावाचंच नाव दिलं. शेवटची कळ दाबली आणि चारही प्रती सुरळीत चालायला लागल्या. पथक आलं, तासन्‌तास तपासून गेलं. एकदाही मशीन अडखळलं नाही. पुण्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

पण चौथीतला आकडा रोज दुपारी वाढतच होता.

मग आमचे कर्जतचे सुपरवायझर गोरक्षनाथ मला जीपमधून धोंडओढ्याला घेऊन गेले. बाभळीच्या रानात अर्धवट सोडलेला मातीचा जुना बांध होता. मधे मोठं खिंडार. त्या खिंडारात कमरेइतकी ताजी माती पडलेली, ओली, दाबून बसवलेली. आसपास ना माणूस, ना पावलाचा ठसा.

वस्तीवरच्या कडूबाई आमच्यामागून आल्या, पण बांधापासून लांबच उभ्या राहिल्या.

"हितं कोण काम करतंय, आजी?" मी विचारलं.

"कुनी न्हाई बाई. दुपारचा आवाज येतो. आमी तिकडं फिरकत न्हाई." त्या खाली बसल्या. "दुष्काळात आमी हितं माती टाकीत हुतो. मुरमाच्या खाणीची दरड कोसळली. माझी जाऊ लंकाबाई आत ऱ्हायली... गावलीच न्हाई. मंग काम बी बंद पाडलं. ती लई म्हनायची, हे तळं भरलेलं बघूनच मरीन."

गोरक्षनाथांनी टोपी काढली. "मॅडम, हे काम आपन घ्यायचं का?"

"घ्यायचं. आजच."

सरांनी मंजुरी आणली. गाव घाबरत होतं, म्हणून पहिली पाटी मी उचलली. दुसरी कडूबाईंनी. मग एकेक बाई आली आणि पुढच्या आठवड्यात बांधावर उभं राहायला जागा उरली नाही. आम्ही जेवढी माती टाकायचो, त्याहून जास्त सकाळी भरलेली दिसायची. कुणी त्याबद्दल बोललं नाही. फक्त बायका जाताना एक भाकरी बांधावर ठेवायच्या.

श्रावणात तलाव काठोकाठ भरला. खालच्या विहिरींना पाणी चढलं. जलपूजनाला अख्खी वस्ती लोटली, हलग्या कडाडल्या, बायकांनी गोरक्षनाथांना गुलालानं माखलं. मी पाण्यात पाय सोडून मनात त्रिशरण म्हटलं. कडूबाई पाण्याकडे बघून मोठ्यानं ओरडल्या, "भरलं गं लंके, भरलं!" माझ्या उभ्या आयुष्यात मला तेवढं जिंकल्यासारखं कधी वाटलं नाही.

नगरला परतले तेव्हा मशीनवर तीनच प्रती होत्या. चौथी कुणी काढली नव्हती. ती आपली आपण निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर दोन्ही तळहातांना घट्टे पडलेले. मी उचललेल्या चार पाट्यांचे नव्हेत ते. वर्षानुवर्षं कुदळ चालवणाऱ्या बाईचे असतात तसे, जाड, पिवळे. दुखत नाहीत. मला त्यांची लाज वाटत नाही, उलट मी ते मिरवते.

दर मे महिन्यात एक नवा उमटतो. आणि कुठं ना कुठं अर्धवट राहिलेलं एखादं काम आमच्या हाती येतं, पुरं होतं.

हा बघा, हा यंदाचा. काल सकाळी आलाय. कुठल्या कामाचा आहे, ते अजून कळलेलं नाही... पण त्या पहिल्या सकाळनंतर आजवर घट्टा एका वेळी एकच यायचा. आज मात्र हे बोटांपर्यंत आणखी उठलेत, मोजून बघा बरं.