कोटोबा येतो म्हणाला

परक्या भाषेतल्या तोंडांत आपले शब्द बसवणं हा तिचा धंदा होता. ओठ मिटले की शब्द संपला पाहिजे, तोंड वासलं की 'आ' आला पाहिजे. या कामात आपला हात धरणारं कुणी नाही, असं ती स्वतःच सांगत असे. त्यामुळे डबिंगच्या स्टुडिओत तिचं कुणाशी फारसं पटत नव्हतं.

मुलांना घाबरवणारी ती मालिका तिच्याकडे आली तेव्हा तिला हायसं वाटलं, कारण त्यातल्या भुताला तोंडच नव्हतं. खुंटीवर टांगलेला एक लांब, काळा, लोकरी कोट होता तो. कॉलर ताठ उभी आणि कॉलरीच्या आत काही नाही. तो खुंटीवरून उतरायचा, मुलांना अंगावर काटा आणणारी गोष्ट सांगायचा, शेवटी बाही उचलून निरोप घ्यायचा आणि दार ओढून घेऊन निघून जायचा. तिनं त्याचं नाव कोटोबा ठेवलं. नाव वाहिनीवाल्यांना आवडलं आणि मुलांनी तर ते डोक्यावरच घेतलं.

मुळात निघताना तो 'जातो' म्हणत असे. तिनं ते खोडून 'येतो हं, पोरांनो' असं केलं. रेकॉर्डिस्टनं नाक मुरडलं. हा गृहस्थ कमी बोलायचा आणि बोलला की टोचून बोलायचा.

"जातोय ना तो? मग जातो म्हणू द्या की."

निघताना जातो म्हणू नये हे शेंबड्या पोरालाही कळतं, असं तिनं सुनावलं. विषय तिथंच मिटला.

मालिका सुरू होऊन काही आठवडे झाले असतील. रेकॉर्डिस्टनं तिला बोलावून एका भागाचा शेवट दाखवला. कोटोबा बाहेर गेला, पण दार मिटलं नाही. हातभर उघडंच राहिलं. आधी दार मिटत होतं, कडीचा आवाज त्यानं स्वतः बसवला होता, आता तो आवाज कुठं लावू, असं तो विचारत होता. तिनं मूळ प्रत लावायला सांगितली. तिच्यातही दार उघडंच होतं. आपण चित्राला हात लावत नाही, एवढं सांगून ती फणकाऱ्यानं निघाली, पण जिना उतरताना तिला उगाच मागे वळून बघावंसं वाटलं.

घरी ती आणि तिची मुलगी ठकी, दोघीच असायच्या. ठकी पहिलीत होती. कोटोबा संपला की ती उठून घराचं दार किलकिलं करून ठेवायची. आईनं लावलं की पुन्हा उघडायची. मग एक दिवस तिनं दारामागच्या खुंटीवरचा आपला रेनकोट काढून पलंगाखाली टाकला.

"त्याला जागा नको का?" ठकी म्हणाली.

तिनं ठकीला दोन धपाटे घातले आणि नंतर तिचं तिलाच वाईट वाटलं. वाहिनीकडे घरोघरच्या तक्रारी येत होत्या, मुलं दारं लावू देत नाहीत म्हणून. वाहिनीवाले खूश होते. एवढी मनावर घेतलेली मालिका आजवर झाली नाही, असं त्यांचं म्हणणं.

घरात ओल्या लोकरीचा वास येऊ लागला. खिडक्या उघडल्या तरी तो जाईना. रिकामी खुंटी खाली वाकली, वजन पेलल्यासारखी. ठकीचं हसणं कमी झालं. जेवताना ती दाराकडे पाठ करून बसेना.

"तो तुझ्यावर रागावलाय," एकदा ती हळूच म्हणाली. "म्हणतो, मी येतो म्हणालो, आलो. आणि तुझी आई बससुद्धा म्हणत नाही."

त्याच संध्याकाळी कामावरून आल्यावर तिनं सवयीनं पर्स खुंटीला लावायला हात वर केला. बोटं जाड, दमट कापडात रुतली. तिनं दिवा लावला. खुंटी रिकामी होती. हात साबणानं धुतला, तरी वास गेला नाही.

दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत गेली. शेवटच्या भागाचं काम चाललं होतं. कोटोबाला 'जातो' म्हणू दे, असं तिनं रेकॉर्डिस्टला सांगितलं. तिला फक्त ठकी हवी होती, पहिल्यासारखी, दाराकडे पाठ करून जेवणारी. 'पोरांनो'ही तिनं काढून टाकलं. त्यानं मुलांचं नावच काढू नये.

"एकट्या 'जातो'नं भरत नाही," रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून म्हणाला. "बाही उचलतो तिथं रिकामं पडतंय. एक शब्द टाका."

बारीकसा, बिनकामाचा शब्द. तिनं घाईघाईत सुचला तो सांगितला.

शेवटचा भाग लागला तेव्हा ती ठकीला मांडीवर घेऊन बसली. कोटोबानं गोष्ट संपवली. बाही उचलली.

"चला, जातो."

तो बाहेर पडला. दार मिटलं. कडी वाजली.

ती धावत दारामागे गेली. खुंटी सरळ झाली होती. वास नव्हता. भिंतीला डोकं टेकून ती रडली, अगदी मोकळी होऊन रडली.

डोळे पुसून वळली तर ठकी उंबऱ्यावर बसून बूट घालत होती.

"कुठं गं?"

"चला म्हणाला ना तो."

तिनं ठकीचा दंड घट्ट धरला. हातात ओली लोकर आली.

"आई, जाते मी."

"येते म्हणावं," तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

ठकीनं वर बघितलं, कुणाला तरी विचारावं तसं, आणि नकारार्थी मान हलवली.

समोरच्या घराचं दार उघडलं. मग वरच्या मजल्यावरचं, मग खालचं. जिन्यावर लहान लहान बूट वाजू लागले. प्रत्येक दारातून एकेक कोवळा आवाज निरोप घेत होता, आणि त्यातला एकही 'येतो' म्हणत नव्हता.