थिजलेलं तूप

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. सहा म्हशी दोहणाऱ्या बाईला तेवढी सवड नसते. म्हणून घडलं तेवढंच सांगते.

दर गुरुवारी दुपारी म्हशी हम्मारच्या दलदलीत, पाण्यात उतरल्या, की मी माझ्या नवऱ्याची, मुताशरची, दुनळी बंदूक उघडून मांडीवर घेते. सळईला चिंधी गुंडाळून नळ्यांतून फिरवायची, तेलाचे दोन थेंब सोडायचे, कोरड्या फडक्यानं पुसायचं. दोन हिवाळ्यांत तिच्यातून एकही बार निघालेला नाही, तरीही. लग्नापासून हे काम माझंच. तो बदकं मारायचा, मी बंदूक पुसायची. परत येताना तो काडतुसं काढून रिकाम्या नळीवर ओठ टेकायचा आणि फुंकायचा. बोरूंच्या बनातून तो घुमणारा आवाज आला, की मी तंदुरात रोटी लावायची. त्या आवाजासाठी अजून जीव तुटतो.

तो शेवटचा शिकारीला गेला त्या थंडीतल्या दिवशी तेल संपलं होतं. मी म्हशीचं तूप लावलं. आमच्याकडच्या बायका कधी ना कधी हा वेडेपणा करतात. उन्हाळ्यात खपून जातो. थंडीत तूप थिजतं. पुढे त्याची नाव सापडली, रानडुकराचे माग सापडले, बंदूकही सापडली. दोन्ही काडतुसं न उडालेली, काडतुसावर आपटणारी आतली खीळ थिजल्या तुपात रुतून बसलेली. तो सापडला नाही.

ती काडतुसं मी पेटीत कुलपात ठेवली. किल्ली गळ्यात.

या हिवाळ्यात चिंधी काळी निघाली. गंज असेल म्हटलं. पुढच्या गुरुवारी नळीला बारुदाचा ताजा वास आला. मी दिराला, चासिबला, गाठलं.

"माझ्यामागं बंदूक नेतोस होय रे?"

"तुझ्या उशाशी असते ती, वहिनी. तिथनं काही न्यायला वाघाचं काळीज लागतं!" तो हसला. मग खाली बघून म्हणाला, "पण उद्या नेणार. थोरांनी ठरवलंय. आता दादाच्या नावानं फातिहा वाचून घेऊ."

बंदूक दिली की तो मेला, असंच ठरणार. मला ती द्यायची नव्हती.

दुसऱ्या दुपारी शेवटचं पुसायला बसले. चासिब अंगणात नावेला डांबर फासत होता. दोन्ही नळ्यांतून चिंधी काळीकुट्ट आली. मी पेटी उघडली.

दोन्ही काडतुसं रिकामी होती.

मनात एकच आलं. उडाली. एकदाची उडाली. मग तो वाचला असेल.

बोरूंतून घुमणारा आवाज आला.

म्हशींनी माना वळवल्या. चासिबचा हात थांबला.

मी पिठाच्या परातीवरचं फडकं काढलं. दोघांचं पीठ मी रोजच मळते.

पुन्हा आवाज आला. जवळून.

"वहिनी," चासिब कुजबुजला, "त्याची बंदूक तर तुझ्याकडे आहे ना?"

ती माझ्या मांडीवरच होती. उजव्या नळीच्या तोंडाशी, गार पोलादावर, श्वासाची वाफ धरली होती.